ठरवणारा माणूस स्वयंपाकघरात आहे का?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे समजण्यात माझं काही चुकलं असेल तर कळेल. सांगलीहून कोलंबस, ओहायोत येऊन तुम्हाला चार महिने झाले. ऑफिसातले लोक दर शुक्रवारी कुठल्या तरी चेन रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे एकाच नावाच्या अनेक शाखा असलेल्या ठिकाणी, नेतात, कारण तिथे काय मिळणार ते ठाऊक असतं. शेजारच्या बाई म्हणतात, चेनमध्ये पाऊल टाकू नका, गावातल्या माणसाकडे जेवा, पैसा गावात राहतो. तुम्ही दोनदा त्यांचं ऐकलंत. एकदा जेवण इतकं सुरेख की घरी फोन करून सांगितलंत. दुसऱ्यांदा शनिवारी रात्री पाऊण तास ताटकळून गार पास्ता समोर आला. पत्नी शाकाहारी आहेत. जूनमध्ये आईबाबा येणार, त्यांना पहिल्यांदा जेवायला कुठे न्यायचं ही काळजी. आणि मूळ प्रश्न असा की लोकल रेस्टॉरंट खरंच चांगलं असतं, की ही नुसती भावना?

मी ओहायोत २२ वर्षं हाच व्यवसाय करते आहे. पहिली सात वर्षं एका मोठ्या चेनच्या किचनमध्ये काढली, भाजी चिरण्यापासून किचन मॅनेजरपर्यंत. नंतर स्वतःचं ४८ खुर्च्यांचं रेस्टॉरंट काढलं, ते आजही चालवते. दोन्हीकडे मनापासून राबले आहे. त्यामुळे 'चेन वाईट, लोकल चांगलं' असं सरसकट उत्तर मला देता येणार नाही, आणि ते खरंही नाही. हायवेवर रात्रीचे साडेनऊ वाजलेत, मागच्या सीटवर पोर भुकेनं रडतंय, तर मीसुद्धा समोर दिसेल त्या चेनमध्ये गाडी वळवते.

चेनमध्ये तुम्ही पैसे मोजता ते भरवशासाठी. तो भरवसा कसा तयार होतो ते सांगते. आमच्या किचनमध्ये भिंतीवर प्रत्येक पदार्थाचं छायाचित्र असलेलं कार्ड लावलेलं असे. सॉसची कोणती पळी, फ्राइज किती औंस, कोथिंबीर ताटलीच्या कोणत्या बाजूला, सगळं त्यावर. सूप गोठवलेल्या पिशवीतून यायचं. ती पिशवी गरम पाण्यात सोडायची, तापली की कात्रीनं कोपरा कापायचा आणि सूप स्टीलच्या भांड्यात ओतायचं. ऑर्डरचं तिकीट स्क्रीनवर उमटलं की घड्याळ सुरू. ठरलेली मिनिटं उलटली की ते लाल. ज्यानं ते सूप ठरवलं तो माणूस हजार मैलांवरच्या ऑफिसात बसलेला होता. चवीला वाईट नव्हतं हो. शंभर लोकांना बोलावून चाखवून, पुन्हा पुन्हा बदलून ते पक्कं केलेलं असायचं.

एकदा एक आजी आल्या. नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी विचारलं, सूपमध्ये मीठ जरा कमी करून द्याल का? मी त्या किचनची मॅनेजर, माझ्या हाताखाली नऊ माणसं, आणि मला नाही म्हणावं लागलं. मीठ त्या पिशवीत आधीच पडलेलं होतं. त्यांनी मग नुसता भाजलेला बटाटा खाल्ला. ती रात्र मी विसरले नाही. स्वतःचं काढायचं हे मी त्याच वर्षी ठरवलं.

म्हणून मी कुठल्याही रेस्टॉरंटबद्दल एकच गोष्ट आधी बघते: इथे काय शिजणार हे ठरवणारा माणूस या इमारतीत आहे का? असेल तर चूक त्याची, दुरुस्तीही त्याची, आणि एखाद्या दिवशी बाजारात काही सुरेख मिळालं तर तेही तुमच्या ताटात. तो नसेल तर तुम्हाला कालच्यासारखंच मिळेल. काही दिवशी हवं तेच असतं.

आता दोन गैरसमज. पहिला असा की लोकल म्हणजे सगळं ताजं आणि शेतातलं. सकाळी सहाला मागच्या दारी जे ट्रक येतात, सिस्को, यूएस फूड्स अशा रेस्टॉरंटना माल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे, ते चेनलाही माल देतात आणि माझ्यासारख्या छोट्यांनाही. माझ्याकडचं तेल, पीठ, डबाबंद टोमॅटो, कागदी डबे त्यातूनच येतात. एखादं लोकल रेस्टॉरंट त्याच ट्रकमधून गोठवलेले तयार पदार्थ घेऊन नुसतं तळून देत असेल, तर बाहेर 'कुटुंबाचं, १९७८ पासून' अशी पाटी असूनही तुम्हाला चेनचंच जेवण मिळतंय, तेही चेनच्या शिस्तीशिवाय. मेनूवरून अंदाज येतो. दोन माणसांच्या किचनमध्ये पिझ्झा, टाको, करी, सुशी असे ऐंशी पदार्थ असतील तर बहुतेक सगळं फ्रीजरमधून येतंय. छोटा मेनू, फळ्यावर खडूनं लिहिलेले दोन पदार्थ आणि त्यातला एक रात्री आठला पुसलेला, हे चांगलं लक्षण. किचनच्या भाषेत आम्ही त्याला 'एटी-सिक्स' म्हणतो: संपलं. संपतं, कारण ते सकाळी मोजून केलेलं असतं. यालाही अपवाद आहेतच. चीजकेक फॅक्टरी ही चेन आहे, मेनूवर अडीचशेच्या वर पदार्थ, आणि तरी तिथे बहुतेक गोष्टी त्याच किचनमध्ये रोज करतात.

दुसरा गैरसमज असा की चेन बाहेरची आणि लोकल आपली. तुम्ही नेमके अशा शहरात आलात जिथे ही रेघ ओढणं सगळ्यात अवघड. वेंडीज या बर्गर-चेनचं पहिलं दुकान १५ नोव्हेंबर १९६९ ला डेव्ह थॉमस यांनी इथेच, कोलंबसच्या डाउनटाउनमध्ये काढलं. व्हाइट कॅसल ही दुसरी बर्गर-चेन सुरू झाली कॅन्ससमधल्या विचिटात १९२१ साली, पण १९३४ पासून तिचं मुख्य ऑफिस इथे आहे. डोनाटोज पिझ्झा १९६३ मध्ये शहराच्या दक्षिण भागातल्या एका दुकानातून वाढला. जेनीज आइसक्रीम २००२ मध्ये नॉर्थ मार्केटमधल्या एका स्टॉलवर विकलं जायचं, आज देशभर मिळतं. नवा पदार्थ देशभर आणण्याआधी तो कोलंबसमध्ये विकून बघायची कंपन्यांची पद्धत तर फार जुनी. म्हणजे आजची चेन ही कधीतरी कुणाचं तरी एकच दुकान होतं. शिवाय बऱ्याच चेनची दुकानं फ्रँचायझीवर असतात. पाटी कंपनीची, पण कर्ज काढून दुकान घातलेला मालक तुमच्याच मुलाच्या शाळेतल्या कुणाचा तरी बाप असतो. तो विक्रीतला ठरावीक टक्का रॉयल्टी म्हणून देतो, जाहिरातीचे वेगळे देतो, आणि मेनूतला एक पदार्थही स्वतः बदलू शकत नाही.

याच शहरात झालेला एक अभ्यास मी नव्यानं रेस्टॉरंट काढणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दहातली नऊ रेस्टॉरंट पहिल्याच वर्षात बुडतात असं सगळीकडे ऐकू येतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एच. जी. पारसा आणि सहकाऱ्यांनी कोलंबसमधली १९९६ ते १९९९ ची माहिती तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या वर्षी बंद पडलेली साधारण २६ टक्के, तीन वर्षांत सुमारे ६० टक्के. आणि चेन व स्वतंत्र यांच्यातला फरक अगदी थोडा निघाला. पाटी मोठी असली तरी दुकान तरेलच असं नाही.

शेजारच्या बाईंचं 'पैसा गावात राहतो' हे कितपत खरं? माझंच गणित सांगते. १०० डॉलरचं बिल झालं की साधारण ३० कच्च्या मालाला, ३० ते ३५ पगारांना, ८ ते १० भाड्याला, कार्ड कंपन्यांना सुमारे ३, बाकी वीज, गॅस, विमा, दुरुस्ती. चांगल्या वर्षी हातात ३ ते ५ राहतात. यातले पगार चेनमध्येही गावातच वाटले जातात; तो मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. फरक पडतो तो उरलेल्या पैशात. माझा हिशेबनीस इथला, पाटी रंगवणारा इथला, वॉक-इन कूलर दुरुस्त करणारा इथला. चेनमध्ये ही कामं बहुतेक मुख्य ऑफिस ठरवतं आणि नफाही तिकडे जातो, फ्रँचायझी असेल तर निदान रॉयल्टी तरी. आणि वाटेत एक गळती आहे, ती तुम्ही थांबवू शकता. डिलिव्हरी ॲपवरून मागवलंत तर ॲप रेस्टॉरंटकडून ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेऊ शकतं. वरचं गणित बघा, त्यात एवढी जागाच नाही. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांनी हे कमिशन १५ टक्क्यांवर आणलं ते उगाच नाही. फोन करून ऑर्डर द्या आणि स्वतः जाऊन घेऊन या. माझ्यासारखीला एवढं फार झालं.

ॲपवर आणखी एक सावधगिरी. तिथे दिसणारं अनोळखी, घरगुती नाव खरंच वेगळ्या रेस्टॉरंटचं असेलच असं नाही. २०२० मध्ये 'पास्क्वालीज पिझ्झा अँड विंग्ज' या नावानं मागवणाऱ्यांना ते चक ई. चीज या मुलांच्या पिझ्झा-चेनच्या किचनमधून येतंय हे उशिरा कळलं. चिलीज या चेननंही त्याच वर्षी 'इट्स जस्ट विंग्ज' हे नाव असंच काढलं. पत्ता नकाशावर टाकून बघा, लगेच कळतं.

मग चांगली लोकल रेस्टॉरंट शोधायची कुठे? इथे जरा थांबते, कारण नव्यानं आलेला माणूस नेमकं इथेच चुकतो. तो नव्या, चकचकीत शॉपिंग सेंटरमध्ये शोधतो. तिथला जागामालक दहा वर्षांची लीज करताना मोठ्या कंपनीची सही मागतो, कारण ती भाडं बुडवणार नाही याची त्याला कर्ज देणाऱ्या बँकेला खात्री असते. मी अशा एका जागेसाठी विचारलं होतं. आमची बोलणी दहा मिनिटांत संपली. दुसरं कारण स्वयंपाकाच्या जागेचं. रिकाम्या गाळ्यात किचन उभं करायचं तर चुलीवरचा मोठा एक्झॉस्ट हूड, त्यातली आग विझवायची यंत्रणा, सांडपाण्यातलं तेल अडवणारी ग्रीस ट्रॅपची टाकी, एवढ्यातच हजारो डॉलर जातात. पहिली पातेली चढायच्या आधी. म्हणून आमच्यासारखे लोक जिथे आधी रेस्टॉरंट होतं आणि बंद पडलं अशी जागा शोधतात. हूड तयार, ग्रीस ट्रॅप तयार. माझं रेस्टॉरंट अशाच एका जुन्या डायनरच्या, म्हणजे साध्या अमेरिकन खाणावळीच्या, जागी आहे. फरशी अजून त्यांचीच. जुन्या पिझ्झा हटची ती विशिष्ट छपराची आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या खिडक्यांची इमारत दिसली आणि पाटी वेगळीच असली, तर गाडी थांबवून मेनू बघा. आत बहुतेक एखादं कुटुंब सगळी पुंजी लावून उभं असतं.

कोलंबसमध्ये यासाठी मॉर्स रोडला जा. रस्ता दिसायला साधा, टायरची दुकानं, मोबाइलची दुकानं, आणि मधेच पडदे लावलेलं सोमाली रेस्टॉरंट. इथे सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे, तशीच भूतानहून आलेल्या नेपाळी लोकांची. सोमाली माणूस भाताबरोबर केळं देतो, ते घासाघासाला भातासोबत खायचं. पहिल्यांदा मी बाजूला ठेवलं होतं, वाढणाऱ्या काकांनी येऊन कसं खायचं ते दाखवलं. त्यांचा सांबुसा बघून तुम्हाला आपला समोसा आठवेल. मोमो तर इथे आता कोलंबसचाच पदार्थ झालाय.

पत्नींच्या शाकाहाराबद्दल. इथे चेनची एक बाजू भक्कम आहे: सगळं लिहिलेलं असतं. २० किंवा जास्त शाखा असलेल्या चेनना मे २०१८ पासून मेनूवर कॅलरी छापाव्याच लागतात, आणि बहुतेकांच्या वेबसाइटवर ॲलर्जीचा तक्ता असतो. कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची गंभीर ॲलर्जी असेल तर तो तक्ता फार मोलाचा. पण शाकाहारासाठी त्याच्यावर विसंबू नका. तो दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, सोया आणि तीळ एवढ्यांपुरता असतो. कोंबडीचं किंवा गाईच्या मांसाचं पाणी, म्हणजे स्टॉक, ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे तक्त्यात ते येतच नाही. मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजचंच बघा. अमेरिकेत त्यात गोमांसाचा स्वाद असतो. हे नीट सांगितलं नाही म्हणून झालेले दावे कंपनीनं २००२ मध्ये १ कोटी डॉलर देऊन मिटवले. वाढणाऱ्याला 'व्हेजिटेरियन आहे का' असं विचारू नका, तो मटणाचे तुकडे नाहीत एवढंच बघून हो म्हणेल. नेमकं विचारा. सूप आणि भात कशात शिजवलाय? बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का? थाई करीत फिश सॉस आहे का? सोमाली भात पुष्कळदा मांसाच्या रश्शात शिजतो, मेक्सिकन भातात कोंबडीचा स्टॉक असतो, हे माहीत असू द्या. लोकलमध्ये हा प्रश्न मागे चुलीपर्यंत जातो आणि शिजवणाराच उत्तर देतो. 'थांबा, वेगळा करून देतो' हे वाक्य मी दुसऱ्यांच्या रेस्टॉरंटांत कितीदा तरी ऐकलंय.

त्यांना इथिओपियन रेस्टॉरंटमध्ये जरूर न्या. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, आणि त्यांच्या उपवासात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. म्हणून उपवासाची थाळी मागितली की मसूर, वाटाण्याच्या डाळीचं वरण, कोबी-बटाटा, पालेभाजी असं सगळं इंजेराच्या मोठ्या आंबूस धिरड्यावर वाढून येतं. हातानं खायचं. भाजीपासून मसाल्यापर्यंत काहीही विचारत बसावं लागत नाही.

राहिला तो गार पास्ता. शनिवारी साडेसात म्हणजे छोट्या रेस्टॉरंटसाठी सगळ्यात वाईट वेळ. माझ्याकडे चुलीवर दोन माणसं असतात. एकाच वेळी सोळा तिकिटं लागली की पहिल्या टेबलाचं पास्ताचं ताट त्याच टेबलावरच्या दुसऱ्या माणसाच्या माशासाठी किचनच्या खिडकीत वाट बघत बसतं. तिथेच ते गार होतं. चेनमध्ये असं कमी होतं, कारण दारातली मुलगी किचनची गती बघून लोकांना आत सोडते. टेबल रिकामं दिसत असतानाही थांबवतात ते म्हणूनच. मी हे चेनमध्येच शिकले आणि माझ्याकडे वापरते, पण प्रत्येक छोट्या मालकाला ते शिकायला मिळालेलं नसतं. तुम्ही ते ताट त्याच क्षणी परत पाठवायला हवं होतं. आपल्याकडे संकोच वाटतो, मला कळतं. पण आम्हाला घरी गेल्यावर इंटरनेटवर वाचण्यापेक्षा तिथे ऐकलेलं शतपटीनं बरं. मी लगेच नवीन करून देऊ शकते. त्या जागेला आणखी एक संधी द्या, मंगळवारी किंवा बुधवारी, संध्याकाळी सहाला. सोमवारी बरेच जण बंद ठेवतात, आधी फोन करा. मंगळवारीही गार आलं तर मग खुशाल सोडा.

टिपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वाढणाऱ्यांचा केंद्र सरकारनं ठरवलेला किमान रोख पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलेला आहे. ओहायोत तो याहून जास्त आहे, पण इथेही त्यांचं घर टिपवरच चालतं. जेवण किचनमुळे बिघडलं असेल तर तो राग टिपवर काढू नका. १८ ते २० टक्के ठेवा, चेनमध्येही आणि लोकलमध्येही.

थोडक्यात माझी स्वतःची सवय अशी: प्रवासात, घाईत, लहान मुलं किंवा ॲलर्जी असेल तर चेन. आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी असेल तर जिथे मालक दिसतो तिथे. आणि तीन-चार जागा ठरवून पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी. तिसऱ्या खेपेला चेहरा ओळखीचा होतो आणि 'तिखट जरा वाढवू ना?' असं तेच विचारतात.

आता आईबाबा. पहिल्या दिवशी कुठेच नेऊ नका. वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर वरणभात करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॉर्स रोडच्या बाजूला एखाद्या नेपाळी रेस्टॉरंटमध्ये न्या. आदल्या दिवशी तुम्ही एकटे जाऊन या, मालकाला सांगा की उद्या आई येणार आहे, भाजीचे मोमो मांसाच्या मोमोंपासून वेगळ्या भांड्यात वाफवाल का. हो म्हणाले तर संध्याकाळी साडेपाचला जा, गर्दीच्या आधी. तिथे कुणाला ना कुणाला हिंदी येतंच, आणि तुमच्या आईला अमेरिकेत पहिल्यांदाच स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी स्वतः बोलता येईल. चटणी कशाची आहे ते त्या नक्की विचारतील.